आत्म्याची शुद्ध भाषा

रविवारी दुपारी तीन वाजता नरडाण्याच्या स्टेशनजवळच्या मंगल कार्यालयात पाय ठेवायला जागा नव्हती. खिडक्यांना काळे पडदे लावले होते. धुपाच्या धुराने डोळे चुरचुरत होते. व्यासपीठावर मखमली खुर्ची आणि खुर्चीत तरंगनाथ महाराज. डोक्याला भगवा फेटा, गळ्यात रुद्राक्ष आणि कानात बिनतारी इअरफोन. इअरफोन कशाला, असं कुणी विचारायच्या आतच महाराजांनी सांगून टाकलं होतं, "वरचा सिग्नल फार नाजूक असतो."

"भक्तहो," महाराज म्हणाले, "आत्मा म्हणजे डेटा. शरीर म्हणजे मोबाईल. मोबाईल फुटला म्हणून डेटा जातो का? नाही! तो क्लाऊडमध्ये असतो. क्लाऊड म्हणजे काय? ढग! ढग कुठे असतात? आकाशात! आणि आकाशात कोण असतं?"

"पितर!" अख्खं सभागृह ओरडलं.

मी मागच्या भिंतीला टेकून उभा होतो. माझं नाव जीवराम. इथल्या शाळेत बावीस वर्षं विज्ञान शिकवतोय. 'पितर' म्हणून ओरडणाऱ्यांत निदान चाळीस जण माझे माजी विद्यार्थी होते. ढग म्हणजे पाण्याचे बारीक थेंब, हे त्यांनी माझ्याच पेपरात लिहून गुण मिळवले होते.

"परदेशी लोक सिनेमे काढतात," महाराजांचा आवाज चढला. "यंत्र माणसाशी बोलतं, मेलेला परत येतो. त्यांना ती कल्पना वाटते. आपल्याकडे ते दर रविवारी तीन वाजता असतं!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मग पुकारा झाला, "कुंदाबाई, मुलगा तेजस."

कुंदाबाई हात जोडून पुढे गेली. दोन्ही बाजूंच्या स्पीकरमधून खरखर ऐकू आली आणि मग आवाज आला.

"आई, मी तेजस बोलतोय. तू कशी आहेस? रडू नकोस."

माझ्या अंगावर काटा आला, हे कबूल करतो. आवाज तेजसचाच होता. तसाच किंचित बसका, वाक्याच्या शेवटी उतरणारा. हा पोरगा दहावीला माझ्या हाताखाली होता, नंतर इथल्याच औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात लागला. विज्ञानकथांवरच्या सिनेमांचं त्याला वेड होतं. सुट्टीच्या दिवशी शाळेच्या प्रोजेक्टरवर आम्ही दोघं ते सिनेमे बघायचो आणि तासन् तास वाद घालायचो. चार महिन्यांपूर्वी महामार्गावर मोटारसायकल घसरून तो गेला. लग्नही झालं नव्हतं.

कुंदाबाई जागच्या जागी कोसळली. शुद्धीवर आल्यावर तिने एकच विचारलं, "महाराज, मना तेजू माले 'माय' म्हने. आते 'आई' कसा म्हनस?"

महाराज मंद हसले. "माऊली, शरीर सुटलं की आत्म्याची भाषा शुद्ध होते."

म्हणजे आमची अहिराणी ही अशुद्ध देहाची घाण, मेल्यावर गळून पडणारी. जन्मभर घरात अहिराणीच बोलणाऱ्या पाचशे माणसांनी या उत्तराला माना डोलावल्या!

मला मात्र संशयाला जागा मिळाली. नोंदणीच्या वेळी महाराजांचे सेवक सांगायचे, "गेलेल्याचा मोबाईल कुलूप काढून आणा, तरंगशुद्धी करायची आहे." तासाभराने मोबाईल परत मिळायचा. मोबाईलमध्ये काय असतं? व्हॉईस मेसेज. तेवढे हाताशी असले की कुणाचाही आवाज यंत्राकडून काढता येतो.

हेच मी गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं. शिवी दिली नाही, देवाचं नाव घेतलं नाही, फक्त तीन प्रश्न विचारले. चौथ्या मिनिटाला मेसेज गायब, पाचव्या मिनिटाला मी गायब. ग्रुपचा ॲडमिन नवल हाही माझाच विद्यार्थी. चौकात त्याला गाठलं.

"नवल, मला का काढलंस?"

"सर, लोकांच्या भावना दुखावल्या."

"कोणाच्या? नाव सांग."

"सगळ्यांच्या."

"चार मिनिटांत सगळ्यांना विचारलंस?"

महाराजांच्या चॅनेलवर जाऊन पाहिलं तर तिथे प्रतिक्रियांची सोयच बंद होती. ज्याच्याशी म्हणे त्रैलोक्य बोलतं, त्याला नरडाण्याच्या एका मास्तराची ओळ सोसत नव्हती. फुकटचं इंटरनेट दिवसभर वापरणारी आमची माणसं त्यावर सगळं काही पाठवतात. एक प्रश्न तेवढा पाठवू देत नाहीत.

पुढच्या रविवारी गोष्ट विनोदाच्या पलीकडे गेली. तेजसचा आवाज म्हणाला, "आई, सारिकाचं शिक्षण थांबव. तिला महाराजांच्या आश्रमात सेवेला पाठव. तरच मला गती मिळेल."

सारिका म्हणजे तेजसची धाकटी बहीण. धुळ्याला राहून कॉम्प्युटरचा डिप्लोमा करत होती, शेवटचं वर्ष. कुंदाबाईने त्याच संध्याकाळी तिला फोन करून सामान घेऊन घरी यायला सांगितलं.

गुरुवारी सारिका आली ती थेट माझ्या घरी. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सर, माझ्यासोबत चला. आईशी भांडून उपयोग नाही, तिला दाखवावं लागेल."

कुंदाबाई ओट्यावर बसली होती. "माय, मोबाईलमा बोल," सारिका म्हणाली. कुंदाबाईने शेजारणीशी बोलावं तसं मिनिटभर काहीबाही सांगितलं. सारिकाने लॅपटॉप उघडला, थोडा वेळ खटपट केली आणि एक ओळ टाइप केली. लॅपटॉपमधून कुंदाबाईचाच आवाज आला, "मी कुंदाबाई. मी काल चंद्रावर कापूस वेचायला गेले होते."

कुंदाबाई दचकून उभी राहिली. मग हळूच विचारलं, "हाई मी कधी बोलनू?"

"तू नही बोलनी, माय. मी लिखं, यंत्र बोलनं."

"मंग तेजू..."

कुंदाबाई पुन्हा बसली. बराच वेळ ती रडली. मुलगा दुसऱ्यांदा गेला होता तिचा. मी उठून निघणार तेवढ्यात तिने पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "सर, त्या यंत्रमांगे बशेल मानुसले अहिरानी येस का?"

मी म्हणालो, "आली असती तर 'आई' म्हणाला नसता."

"मंग येत्या रविवारले दखू."

तिसऱ्या रविवारी गर्दी दाराबाहेर ओसंडली होती. पोरीला आश्रमात सोपवण्याचा सोहळा होणार, अशी बातमीच महाराजांच्या माणसांनी पसरवली होती. सारिका नवी साडी नेसून आईशेजारी उभी होती. धूप, खरखर, आणि आवाज, "आई, तू आलीस? सारिकाला आणलंस ना?"

"आनी तिले, तेजू," कुंदाबाई शांतपणे म्हणाली. "पन एक सांग. तुनी आंडेर रोज दारमा उभी ऱ्हास, तुनी वाट दखस. तिले काय सांगू?"

सभागृहात कुजबुज सुरू झाली. आमच्याकडे आंडेर म्हणजे मुलगी, पोटची मुलगी. बिनलग्नाच्या तेजसला मुलगी कुठून आली?

स्पीकरमधून नुसती खरखर. महाराजांनी इअरफोन चाचपला. "सिग्नल... जरा ढगाळ आहे."

मग आवाज आला, गोड आणि अगदी शुद्ध, "आई, तिला सांग, मी सुखात आहे. तिला वेळेवर चारा घाल."

मग बायकांच्या बाजूने कुंदाबाईच्या शेजारणीचा, बेबाबाईचा आवाज आला, "आंडेरले चारा? आरे, पोरले चारा घालस का कोनी!" आणि पाचशे माणसं हसायला लागली. कालपर्यंत ज्याच्या पाया पडत होती, त्याच्याकडे बोट दाखवून हसत होती. महाराज उठून "शांत व्हा, शांत व्हा" म्हणत होते, पण हसणाऱ्या गर्दीपुढे फेटा आणि रुद्राक्षाचं काही चालत नाही.

सारिका आणि मी तोवर व्यासपीठामागच्या खोलीत शिरलो होतो. टेबलावर लॅपटॉप होता, त्यात व्यासपीठावरच्या माईकची वायर आलेली होती. समोर हेडफोन लावलेला एक तरुण बसला होता. नाव कुंदन, गाव लांबचं. स्क्रीनवर गावागावांच्या मृतांची यादी, प्रत्येकापुढे आवाजाची फाईल, घरच्यांची नावं, लग्न झालं की नाही. तेजसपुढे स्पष्ट 'अविवाहित' लिहिलेलं होतं.

"मग मुलीला चारा कसा घालायला सांगितलास?" मी विचारलं.

"मुलगी?" तो घाबरून म्हणाला. "मला वाटलं आंडेर म्हणजे गाय."

हे आमचे त्रिकालज्ञानी! तोपर्यंत दहा-बारा जण आत घुसले. नवल सगळ्यांत पुढे होता, आता त्याच्याच भावना दुखावल्या होत्या. त्याने लॅपटॉप डोक्यावर उचलला, आपटणार इतक्यात कुंदाबाई दारात आली.

"खाले ठेव तो, नवल. तेन्हामा ना देव शे, ना भूत. फोडीसन काय व्हई? भाईर आन, बठ्ठासले दाखाड."

पडदे काढले. उन्हाचा झोत आत आला. पोलीस येईपर्यंत महाराजांना त्यांच्याच मखमली खुर्चीत बसवून ठेवलं आणि सारिकाने सगळ्यांसमोर त्यांच्याच आवाजात त्यांचीच फजिती केली. आवाज कसा घेतात, ओळ कशी लिहितात, यंत्र कसं बोलतं, हे तिने दोनदा करून दाखवलं. लोक आ वासून बघत होते. त्यांना यंत्राचं आश्चर्य वाटत होतं. मला आश्चर्य वाटत होतं ते याचं, की त्यांच्यातल्या कुणीही आधी एवढं साधं विचारलं नव्हतं.

सगळे पांगल्यावर मगन आबा पुढे आले. गेल्या दोन रविवारी ते आपल्या वारलेल्या बायकोशी बोलले होते. काठी टेकत त्यांनी सारिकाला हळूच विचारलं, "पोरी, खोटं का व्हयना, एक डाव तिना आवाज काढी दे ना."

सारिकाचे डोळे भरून आले. "काढता येईल, आबा. पण शब्द माझे असतील. ती काही बोलणार नाही."

आबांनी काठी सावरली. मग म्हणाले, "मंग ऱ्हाऊ दे. तिनं बोलनं माले याद शे."

एवढं कळायला डिप्लोमा लागत नाही. यंत्र वापरा, सिनेमे बघा, मनाला येईल ते लिहा. पण कुणी चमत्कार दाखवला की यंत्रामागे कोण बसलंय, हे विचारा. आणि विचारणाऱ्याला ग्रुपमधून काढू नका.