तोकुजी नेमका कुठे मेला

नवऱ्याचं प्रेत आंघोळीसाठी समोर आणून ठेवलं, तेव्हा इसेनोने आधी त्याच्या पायांतली पायताणं सोडली. भाताच्या पेंढ्याची ती पायताणं तिनेच विणली होती. पाण्यात बुडाली की दुपारपर्यंत त्यांचा लगदा होतो, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? ही मात्र कोरडी ठणठणीत होती. आणि मुकादम ओनित्सुका तर खाणीच्या सगळ्या चाळीला सांगत होता की तोकुजी डाव्या तिसऱ्या बोगद्यात कोसळलेल्या छताखाली सापडला. डावा तिसरा दोन वर्षांपासून बंद होता आणि तिथे नडगीभर पाणी होतं.

खरं तर संशय तिथल्या तिथे मुकादमाचा यायला हवा होता. पण इसेनोच्या मनात भलतंच आलं. त्या दिवशी ती तापाने फणफणली होती. तोकुजीने फोडलेला कोळसा मागून ओढून आणायला तिच्या जागी मित्सुए गेली होती. चोवीस वर्षांची विधवा, अंगाने भरलेली, हसायला लागली की चार खोल्यांपलीकडे ऐकू जावं अशी. मुकादमाने लोकांना फारसं काही सांगितलंच नाही. नुसता सुस्कारा टाकून एवढंच म्हणाला, "बंद बोगद्यात एक बाप्या अन् एक बाई कोळसा शोधायला जातात होय?" बाकीचं चाळीने जोडून घेतलं. आणि इसेनोला वाटलं, पाण्याआधी पायताणं काढून ठेवून, वर कोरड्या जागी चढून बसायला माणूस कशासाठी जातो? पायताणं मागाहून वर आणणाऱ्यांनी पायात चढवली असतील.

मित्सुए पहिल्याच संध्याकाळी दारात आली होती. "वहिनी, आम्ही तिसऱ्यात नव्हतोच गं, उजव्या पाचव्यात होतो," असं काहीसं पुटपुटत तिने उदबत्त्या पुढे केल्या. इसेनोने त्या उचलून गटारात फेकल्या आणि सगळ्या चाळीसमोर तिला नाही नाही ते ऐकवलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मुकादम स्वतः घरी आला. हातात कागद, शाईची डबी, आणि वर मुळ्याच्या लोणच्याचं मडकं.

"इसेनोबाई, दुःख मोठं आहे. पण तुझ्या नवऱ्याचं नाव त्या बयेने मातीत घातलं, ते मी सहन करणार नाही. इथे अंगठा दे. तोकुजी तिच्या नादाने, आपल्या मर्जीने डाव्या तिसऱ्यात गेला, एवढंच लिहिलंय. उद्या दुपारच्या आत तिला चाळीतून हाकलतो."

"आणि मी?"

"तुला कोण हात लावतंय? ही खोली तुझीच."

इसेनोचा अंगठा शाईत बुडालासुद्धा. मित्सुए डोळ्यांसमोरून जावी, यापलीकडे तिला काही नको होतं. पण अंगठा कागदाजवळ नेताना तिची नजर मडक्यावर गेली. वीस वर्षांत हा माणूस कोणाच्या दारात आला असेल, तर तो दार फोडायलाच. शेजारच्या हात्सुयोचा मुलगा गेला तेव्हा याने साधी मान लववली नव्हती. आज लोणचं?

"एवढी काय घाई आहे, मुकादम?"

"घाई कसली? उद्यापासून उजव्या पाचव्यात बाप्या-बाईच्या आठ जोड्या घालतोय. त्याआधी हे निस्तरलेलं बरं."

"डाव्या तिसऱ्यातल्या मेलेल्या माणसाचं आणि उजव्या पाचव्याचं काय?"

ओनित्सुका हसला, पण जरा उशिराने. "काही नाही. असंच बोललो."

"मग उद्या देते. नवरा जाऊन सात दिवस व्हायच्या आत शाईचा अंगठा घ्यायचाच असेल, तर आमच्याकडे एक रात्र मध्ये जावी लागते." ही रीत इसेनोने बसल्या जागी बनवली होती. मुकादमाला ती खोटी वाटली असावी, पण मेलेल्यांच्या रीतींत वाद घालायची खाणीत कोणाची छाती होत नाही. तो कागद ठेवून गेला. मडकंही ठेवून गेला.

इसेनो तडक गेन्पाचीकडे गेली. तोकुजीला वर आणणाऱ्यांत तो सगळ्यांत म्हातारा. दारात बसून उकडलेली रताळी सोलत होता.

"गेन्पाचीबाबा, तो सापडला तेव्हा पायताणं पायात होती की काढलेली?"

"पायातच होती. अशी घट्ट बांधलेली."

"नडगीभर पाण्यात, आणि कोरडी?"

म्हाताऱ्याने रताळ्याकडे बघितलं. "पाणी ओसरलंय तिथलं."

"वर सगळा पाऊसकाळ गेला आणि तिथलं पाणी ओसरलं? बरं, ते राहू दे. हाका कोणी दिल्या?"

खालून प्रेत वर आणताना एकाने पुढे चालायचं आणि प्रत्येक वळणावर मेलेल्याला मोठ्याने सांगायचं, की बाबा रे, आता अमुक ठिकाणी पोचलो, आता चढ लागला, चल वर. नाही सांगितलं तर देह वर येतो आणि आत्मा खालीच वाट चुकून बसतो. ओन्गा नदीच्या काठच्या खाणींत हे तान्ह्या पोरालाही ठाऊक होतं.

"हाका मीच दिल्या," गेन्पाची म्हणाला.

"डाव्या तिसऱ्यापासून?"

म्हाताऱ्याने पुन्हा रताळं सोलायला घेतलं. "हो."

"मग तो वर आलेलाच नाही, बाबा. ही पायताणं तिसऱ्यातली नव्हेत. जिथे मेला तिथून त्याला कोणी बोलावलंच नाही. बसला असेल अंधारात, दिवा विझलेला, आपलं माणूस कधी येतंय याची वाट बघत. आणि तुम्ही इथे रताळी खाताय."

"असं बोलू नकोस, पोरी."

"काय बोलू मग? चालले मी खाली. एकेका बोगद्यात जाऊन हाका मारते."

"गरज नाही!" गेन्पाचीच्या हातातलं रताळं धुळीत पडलं. "आलाय तो वर! उजव्या पाचव्यापासून आणलाय मी त्याला, एकही वळण चुकवलं नाही. मुकादमाने दटावलं म्हणून जिवंतांना तिसरा सांगितला. मेलेल्याला खोटी वाट कशी सांगू? मला नाही का मरायचं?"

बोलून झाल्यावर त्याने दोन्ही हातांनी तोंड दाबलं, पण मग उरलेलंही सांगितलं. पाचव्यात छताच्या आधाराला सोडलेले कोळशाचे खांब मुकादमाने गुपचूप काढायला लावले होते. वरच्या साहेबांना कळलं असतं तर बोगदा बंद झाला असता. छत खाली आलं तेव्हा मित्सुए भरलेली घसरगाडी ओढत मोठ्या वाटेवर होती. धावत आली आणि नुसत्या हातांनी दगड उपसायला लागली. तिला मागे ओढायला तीन माणसं लागली.

"चारचौघांत सांगाल हे?"

"माझी हाडं मोडून ठेवेल तो. नको, पोरी."

इसेनोने आग्रह केला नाही. तिला त्याचा राग आला होता आणि कीवही. पहिली पाळी वर आली तशी ती बायकांच्या हौदावर गेली. हौदाचं पाणी काळंभोर झालं होतं. पाठी घासत, एकमेकींची उणीदुणी काढत वीसेक बायका बसल्या होत्या. तिला पाहून एकीने सरकून जागा केली.

"तोकुजीला उजव्या पाचव्यापासून हाका दिल्यात," ती म्हणाली.

हात्सुयो पाण्यातून उभी राहिली. "कोण म्हणतं?"

"ज्याने दिल्या तो."

नाव कोणी विचारलं नाही. पुरावाही मागितला नाही. मुकादमाशी, बायकोशी, देवाशीसुद्धा खोटं बोलणारे पुरुष त्या चाळीत पुष्कळ होते, पण प्रेताला खोटी वाट सांगणारा तिथे एकही जन्मला नव्हता.

"उद्या आमची जोडी आहे तिथे," हात्सुयो म्हणाली.

"म्हणून तर सांगायला आले."

दुसऱ्या दिवशी सकाळी खाणीच्या तोंडाशी आठ जोड्यांतल्या आठही बायका टोपल्या पालथ्या घालून त्यांवर बसल्या. मागून कोळसा ओढायला बाई नसेल तर पुरुष खाली जाऊन करणार काय? ओनित्सुकाने काठी आपटली, शिव्या दिल्या, मग इसेनोकडे वळला. तिने त्याचा कागद त्याच्याच मडक्यात, लोणच्याच्या पाण्यात बुडवून परत आणला होता.

"हे घ्या. मुरलंय चांगलं."

गर्दीत कोणीतरी फिसकन हसलं. तेवढ्यात गेन्पाची पुढे झाला. आवाज हाका देणाऱ्याचाच होता. "साहेबांना बोलवा. पाचव्यात काय झालं ते मी सांगतो."

इसेनो पुढचं ऐकायला थांबली नाही. मित्सुएच्या खोलीचं दार उघडं होतं. ती गाठोडं बांधत होती. दहाही बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या, त्यामुळे गाठ बसत नव्हती. उदबत्त्या फेकल्या त्या संध्याकाळी हीच बोटं समोर होती, आणि इसेनोने ती पाहिलीच नव्हती.

"मला कळलं सगळं," ती म्हणाली. "गेन्पाचीबाबांनी सांगितलं."

"मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं." मित्सुएने वर पाहिलं नाही. "म्हाताऱ्याच्या हाकेवर विश्वास बसला तुझा, माझ्या शब्दावर नाही."

इसेनोला लाज वाटली. ती उंबऱ्यातच बसली. मित्सुए गाठीशी झटतच बोलली.

"लगेच नाही गेला तो. दगडांखालून बोलत होता. दिवा विझलेला, मी दिसत नव्हते त्याला. त्याला वाटलं, रोजच्यासारखी तूच आहेस. 'इसेनो, मागे हो, वरचं अजून येतंय, पळ' म्हणून ओरडत होता. मी ऐकेना, तसा शिव्या द्यायला लागला."

"मग?"

"मग मी म्हटलं, 'हो, मी चालले हं, तुम्ही गप्प पडा.' तुझ्याच आवाजात म्हटलं, जमलं तसं. आणि उपसत राहिले. हेच सांगायला आले होते त्या दिवशी."

इसेनोने हात पुढे करून तिच्या हातातली ती न बसणारी गाठ सोडवली. गाठोडं जमिनीवर पसरलं. एक जुना किमोनो, एक वाडगा, दोन कंगवे.

"कुठल्या शिव्या दिल्या?" तिने विचारलं. "सगळ्या सांग. एकही गाळू नकोस."