चुकांच्या डब्यातलं कार्ड

मित्रांनो, आधी हात वर करा बघू. दोन्ही. कात्री नाही ना कुणाकडे? खिशात? नक्की? बरं, मग बसा. मी एक जुनं क्रेडिट कार्ड आहे आणि माझा कुणावर चटकन विश्वास बसत नाही. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे नंतर तुम्हाला राग यायला नको.

माझा रंग एकेकाळी निळा होता. अंगावरचे आकडे उठावदार होते, ते पुढे झिजून सपाट झाले. एक कोपरा कुरतडल्यासारखा दिसतो. उंदराने कुरतडला, असं सगळे म्हणतात. मला ते पटत नाही, पण जाऊ द्या.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. प्लास्टिकच्या मोठाल्या तावांतून आम्हा भावंडांना एकसारखं कापून काढलं. मग प्रत्येकाच्या अंगावर नाव आणि नंबर उमटवला, आणि पाकिटात चिकटवून आमची पाठवणी केली. माझा गुप्त आकडा मात्र माझ्याबरोबर दिला नाही. तो वेगळ्या पाकिटातून, वेगळ्या दिवशी पाठवला. म्हणजे बघा, मी जन्मलो तेव्हापासूनच घरच्यांचा माझ्यावर भरवसा नव्हता. मग माझा स्वभाव असा झाला, यात माझं काय चुकलं?

पाकीट उघडलं ते एका फ्रेमच्या दुकानात. चिंचोळी खोली, भिंतभर रिकाम्या चौकटी, कोपऱ्यात उभे करून ठेवलेले काचेचे ताव आणि सगळीकडे लाकडाचा भुसा. दुकान तिघांचं होतं. दादा, दादांची धाकटी बहीण म्हणजे ताई, आणि दादांची बायको म्हणजे वहिनी. माझ्यावर नाव ताईंचं होतं, कारण व्यवहार त्या बघायच्या.

पहिल्याच आठवड्यात दादांनी माझ्यावर फ्रेमपट्टीचे कोपरे तिरके कापायचं यंत्र घेतलं. यंत्र आलं तेव्हा तिघंही त्याच्याभोवती नवं बाळ बघावं तसे उभे राहिले. वहिनींनी आधी यंत्रावरून हात फिरवला, मग माझ्यावरून. "याच्यामुळे आलं हो," त्या म्हणाल्या. खोटं कशाला बोलू, मी फुगलो. पुढे काचा, पुठ्ठे, पट्ट्या, सगळं माझ्यावर यायचं. ताई बिल वेळेवर भरायच्या. दुकानात माझा रुबाब होता.

ताई काच कापायच्या. हिऱ्याच्या टोकाची हिरकणी काचेवरून एका दमात ओढायची, हात मध्येच थांबला की काच वाया गेली. वहिनी पट्ट्यांचे कोपरे जुळवून त्यात चुका ठोकायच्या. चुका म्हणजे बारीक खिळे, मित्रांनो. दुसऱ्या चुका पुढे येणार आहेत, घाई करू नका. ताईंना आयुष्यात एक चूक सरळ ठोकता आली नाही, आणि वहिनींनी काचेला हात लावला की काच तडकलीच म्हणून समजा. म्हणजे दोघींपैकी एक जरी उठून गेली, तरी दुकानाला कुलूप. एवढं लक्षात ठेवा.

मग दादा आजारी पडले आणि गेले. त्यांच्या फोटोची फ्रेम करायलाही याच दोघी बसल्या. ताईंनी काच कापली, वहिनींनी कोपरे जुळवले. कुणी कुणाकडे बघितलं नाही. त्या दिवसापासून या नणंद-भावजयींना एकत्र धरून ठेवणारं दुकानाशिवाय काही राहिलं नाही.

आणि मग ते सोनेरी कार्ड आलं. चकचकीत, नखरेल. त्याच्यावर खरेदी केली की म्हणे गुण मिळतात. गुण! दुकान आहे की शाळा? पण सगळी खरेदी त्याच्यावर व्हायला लागली आणि माझी रवानगी चुकांच्या डब्यात झाली. पोटावर खिळे, पाठीखाली खिळे. झाकण उघडलं की मी दचकायचो. यांना खिळा हवाय की मी?

एका दुपारी तो हात माझ्याकडेच आला. ताईंनी मला टेबलावर ठेवलं, शेजारी कात्री ठेवली आणि बँकेत फोन लावला. हाताला सरस लागला होता म्हणून फोन स्पीकरवर होता. समोर वहिनी कोपरे जुळवत होत्या.

"जुनं कार्ड बंद करायचंय," ताई म्हणाल्या. "पडून आहे नुसतं."

पलीकडची मुलगी म्हणाली, "कशाला बंद करताय? वर्षाची फी नाही त्याला. तुमचं सगळ्यात जुनं खातं आहे हे. उद्या कर्ज मागायला आलात तर किती वर्षं वेळेवर फेडताय ते यातच दिसतं. चार-सहा महिन्यांनी काहीतरी छोटं घेत जा आणि लगेच भरून टाका. अगदीच वापरलं नाहीत तर मात्र बँकच बंद करेल."

ताईंनी कात्री उचलून खुंटीला अडकवली. तुम्ही म्हणाल, सुटलास बाबा. छे! मला वाटलं, यात काहीतरी काळंबेरं आहे. बँकेला माझा एवढा पुळका कधीपासून?

त्यानंतर चार-सहा महिन्यांनी माझी वरात निघायची. समोरच्या रस्त्यापलीकडे स्टेशनरीचं दुकान होतं. ताई मला तिथे न्यायच्या आणि म्हणायच्या, "एक पेन्सिल द्या."

"कार्डावर?" दुकानातले काका चष्म्यावरून बघायचे.

"कार्डावर."

ज्याने यंत्र आणलं, त्याच्यावर पेन्सिल! मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. काका मला मशिनवर टेकवायचे, मशिन टिंग करायचं, दुकानाच्या फोनवर बँकेचा मेसेज यायचा, आणि मी परत खिळ्यांत. एकदा ताईंनी कंटाळून घरबसल्या हुकांचं पाकीट मागवलं आणि माझा नंबर कुठल्याशा अनोळखी दुकानाला देऊन टाकला. मला तेव्हाच ते आवडलं नव्हतं. पण मला विचारतो कोण?

आता खरी गोष्ट ऐका. एक दिवस ताई गिऱ्हाइकाच्या घरी माप घ्यायला गेल्या होत्या. डब्याचं झाकण उघडलं. हात वहिनींचा! त्यांनी आधी दाराकडे बघितलं, मग रस्त्याकडे, आणि मला मुठीत लपवून बाहेर पडल्या. माझ्या मनात पाल चुकचुकली. अंगावर नाव एकीचं आणि पळवते दुसरी? वहिनी थेट काकांच्या दुकानात शिरल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "एक पेन्सिल."

काका बघतच राहिले. "तुमच्याकडे पेन्सिली खातात की काय?"

"तुम्ही द्या हो," वहिनी म्हणाल्या आणि घाईघाईने मला परत डब्यात टाकून गेल्या.

संध्याकाळी ताईंनी फोन बघितला. मेसेजात दुकानाचं नाव असं काही आखूड होऊन यायचं की कुणाच्या बापाला वाचता येऊ नये. ताईंना एवढंच कळलं की आपण कार्ड काढलं नाही आणि तरी ते कुणीतरी वापरलंय. त्यांनी वहिनींकडे बघितलं. वहिनी चुका ठोकत होत्या. ताईंनी फोन पालथा ठेवला. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला डब्यातून काढलं आणि काचेच्या तावांमागे, वहिनींचा हात कधी जात नाही अशा फटीत ठेवलं.

मित्रांनो, मी खूश झालो. कुणीतरी माझ्यासारखं निघालं!

पण वहिनी खिळे घ्यायला डबा उघडणारच ना? त्यांना मी दिसलो नाही. त्यांनी खिळे उपसून बघितले. मग त्यांचा चेहरा पडला. कुठे ठेवलंत, असं त्यांनीही विचारलं नाही. त्या दिवसापासून दुकानात गिऱ्हाइकांमार्फत बोलणं सुरू झालं. "त्यांना सांगा, काच मोठी झालीय." "त्यांना सांगा, पट्टी आखूड झालीय." गिऱ्हाईक बिचारं मध्ये उभं राहून मान इकडून तिकडे फिरवायचं. मी फटीतून दोघींवर नजर ठेवून होतो आणि दोघींवर संशय घेत होतो.

आणि मग तो मेसेज आला. रक्कम एका पेन्सिलीएवढी. मी काचेमागेच होतो, मित्रांनो! जागचा हललो नव्हतो! मग कुणी वापरलं मला? कुणीतरी लांब परदेशात बसून, हुकांच्या दुकानाला दिलेल्या माझ्या नंबरावर जरासा हात मारून बघत होतं, जागं आहे का कुणी, म्हणून. ताईंनी मेसेज वाचला आणि ओठ घट्ट मिटले. मग वहिनींनी वाचला आणि मनात म्हणाल्या असतील, माझ्यापासून लपवून स्वतः वापरतात वाटतं. मी आतल्या आत ओरडत होतो. त्या दिवशी पहिल्यांदा माझा संशय बरोबर जागी होता, आणि मला तोंड नव्हतं. या दोघींना होतं. दोघींनी चकार शब्द काढला नाही.

काही दिवसांनी वहिनींनी आपली हातोडी कापडात गुंडाळली, बसायची उशी पिशवीत घातली. "मी भावाकडे जातेय," त्या भिंतीकडे बघून म्हणाल्या. गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून भिंतीला सांगितलं. "परत यायचं काही खरं नाही."

ताईंनी हिरकणी खाली ठेवली. तेवढ्यात फोन वाजला. मेसेज. या वेळी रक्कम एवढी होती की ताईंनी ती दोनदा वाचली.

"वहिनी," त्या म्हणाल्या, "पैसे हवे होते तर मागायचे होतेस. असं जाता जाता..."

"काय जाता जाता?"

"हे बघ. आधी थोडं थोडं घेतलंस, मी बोलले नाही. पण आता हे?"

वहिनींनी फोन बघितला. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला आणि मग लाल झाला. "मी चोर? माझा माणूस गेला तेव्हाच मी तुम्हाला परकी झाले असणार. अहो, मी पेन्सिल घेतली होती. एक पेन्सिल! तुम्ही विसरला असाल, बँक कार्ड बंद करून टाकेल, म्हणून. तुम्हाला आठवण करून दिली की तुम्ही अंगावर येता, मी काय म्हातारी झाले का, म्हणून! मग काय करू मी? सांग ना, काय करू? तू बोलतेस का माझ्याशी?"

'तू'. इतक्या वर्षांत वहिनींच्या तोंडून ताईंसाठी पहिल्यांदा 'तू' गेलं. दोघीही चपापल्या.

वहिनींनी पिशवीत हात घातला आणि पेन्सिल काढून टेबलावर आपटली. पिवळी, न तासलेली. ताईंनी आपला खण उघडला. आत तशाच पिवळ्या पेन्सिली, तशाच न तासलेल्या, रबर लावून बांधलेल्या.

"अगं बाई," वहिनी म्हणाल्या.

"तू एकच घेतलीस?" ताईंनी विचारलं.

"एकच. ह्यांच्या फोटोची शपथ."

"मग त्यानंतरची?"

"ती तुमची ना?"

दोघींनी एकमेकींकडे बघितलं. मग ताई काचेच्या फटीकडे धावल्या आणि त्यांच्यामागे वहिनी. मी तिथेच होतो. कुठे जाणार होतो मी?

बँकेला फोन लावला. माझा नंबर तिथल्या तिथे बंद केला गेला. मोठ्या रकमेची चौकशी झाली आणि ती तुमच्यावर पडणार नाही, असं पुढे बँकेने कळवलं. पण त्या दिवशी फोनवरच्या माणसाने एक प्रश्न विचारला. "ती छोटी रक्कम आधी गेली होती, तीही तुमची नव्हती? मग तेव्हाच का नाही कळवलंत?"

ताईंनी वहिनींकडे बघितलं, वहिनींनी ताईंकडे.

"बरं," तो म्हणाला, "खातं तेच राहील, जुनी वर्षंही तशीच राहतील. नंबर नवा, कार्ड नवं येईल. हातातलं जुनं कापून टाका."

बघा! जन्मभर ज्याची भीती, तेच. ताईंनी खुंटीवरची कात्री काढली. पण ज्या हाताने त्या एका दमात काच कापायच्या, तो हात मध्येच थांबला. वहिनींनी कात्री काढून घेतली. "दे इकडे," त्या म्हणाल्या. "यंत्र आणलंय याने आपलं." मग मला मध्यातून कापलं.

फार दुखलं नाही. म्हणजे मी हे सगळं अर्ध्या अंगाने सांगतोय, मित्रांनो. नंबराच्या बाजूचे तुकडे तुकडे करून टाकून दिले. नावाकडचा अर्धा मात्र वहिनींनी ठेवून घेतला. माझ्या सरळ कडेने त्या चौकटीच्या कोपऱ्यातला सरस सारखा करतात. पेन्सिलीपेक्षा हे काम बरं. नवं कार्ड आता चुकांच्या डब्यात असतं. त्याच्यावर माझा अजून पूर्ण विश्वास नाही, पण खातं माझंच आहे. माझी सगळी वर्षं त्याच्याकडे आहेत.

वहिनींची उशी स्टुलावर परत आली. भावाला त्यांनी कळवून टाकलं, कामं अडलीयत म्हणून.

तेव्हा मुलांनो, घरात एखादी वस्तू क्वचित लागते म्हणून तिला विसरू नका. अधूनमधून बाहेर काढा, वापरा, तिचं देणं चुकतं करा, तिच्या नावाने आलेला निरोप वाचा. आणि कुणाबद्दल मनात काही आलं तर त्याला विचारा. लगेच विचारा. माझ्यासारखं गप्प पडून राहायची पाळी तुमच्यावर नाही, तुम्हाला तोंड आहे.

आताच वहिनी रस्ता ओलांडून आल्या बघा. उंबऱ्यातूनच ओरडल्या, "पेन्सिल घेतली गं!"

ताईंनी आधी काच पुरी कापली. मग म्हणाल्या, "दाखव."