आंबटानं दूध आटतं

एक औंस लिंबाचा रस, एक औंस साखर, बाकी पाणी. रोज दुपारी बाराला, पिंपासमोर रांगेनं, डॉक्टरांच्या डोळ्यांदेखत.

*

सायव शीहानच्या डाव्या मनगटावर विळ्याचा वण होता. नऊ वर्षांची असताना ओटचं पीक कापायला गेली होती तेव्हाचा. पांढरा, दोऱ्याएवढा.

*

डेकवर एका खोक्यात सहा मेंढ्या कोंडलेल्या होत्या. त्या आजाऱ्यांच्या रश्शासाठी. समुद्र खवळला की त्यांतली एक अशी ओरडायची की खालून बायका म्हणायच्या, कुणाचं पोर आहे गं ते, गप्प करा त्याला.

*

लोकर कापायची कात्री डॉक्टरांच्या खोलीत खिळ्याला टांगलेली असायची. ती मेंढ्यांसाठी नव्हती.

*

माझी आजी सुईण, आई सुईण, मग मी. लेकुरवाळीनं आंबट खाऊ नये हे मला कुणी शिकवलं नाही. विस्तव भाजतो हे कुठं कुणी शिकवतं?

*

हे सगळं एकाच गोष्टीचं आहे.

मी गोबनेट लेहान. अठराशे तेहतीस साली कॉर्कहून सिडनीला निघालेल्या जहाजावर आम्ही एकशे बत्तीस कैदी बायका होतो, कडेवरची-हातातली पोरं वेगळी. मी चव्वेचाळीसची. मला बाळंतपणं जमत होती, आयरिश आणि इंग्रजी दोन्ही येत होतं, म्हणून डॉक्टर पेनरोझनी मला आजाऱ्यांच्या खोलीत कामाला घेतलं. मोठी नशिबाची जागा. तिथं खिडकी होती आणि कोरडं अंथरूण होतं.

तिसऱ्या आठवड्यात रस सुरू झाला. पहिल्याच दिवशी मी पिंपाजवळ वास घेतला. एवढं आंबट! जहाजावर आठजणींच्या अंगावर पिती बाळं होती. सात आमच्या डोंगराकडच्या, एक डब्लिनची एस्तर टूल. मी संध्याकाळी एकेकीजवळ जाऊन बसले आणि कानात सांगितलं, की डॉक्टर कपाकडे बघतात, गळ्याकडे बघत नाहीत. घोट तोंडात धरायचा, मागं वळायचं, ओठ पुसल्यासारखं करून शालीच्या टोकात सोडायचा. सातहीजणींनी मान डोलावली. त्यांच्या आयांनीही त्यांना हेच सांगितलं असतं.

एस्तर हसली. माझ्या आईनं व्हिनेगरमधल्या माशांवर बारा पोरं वाढवली, म्हणाली. "तुमच्या डोंगरातल्या गायींना सांग आंबटाचं, मावशी. मला नको सांगूस."

ती रोज कप तोंडाला लावून गटागटा प्यायची आणि रिकामा कप माझ्याकडे बघून उलटा करायची.

*

चौऱ्याऐंशीवा दिवस. आफ्रिकेचं टोक, केप, मागं पडलं होतं, वारा बोचरा होता, आणि सातजणींतल्या सायवचं दूध आटलं होतं.

तिची नेल सात महिन्यांची. आठवडाभर ती रडून रडून ओरडत होती. त्या दिवशी ओरडायची थांबली, आणि मला खरी भीती वाटली ती तेव्हा. ओढायची, सोडायची, आणि तोंड तसंच उघडं ठेवून आईकडे बघत राहायची. मी आजाऱ्यांच्या वाट्यातली आरारूटची पेज चोरून आणली. मुलीनं दोन चमचे घेतले आणि ओकली.

सायव भिंतीला टेकून बसली होती. चोवीस-पंचवीसची पोर, पण उठताना दोन्ही हातांनी फळी धरायची. कच्च्या बटाट्याचा, ओल्या मातीसकट, वास येतोय म्हणाली आणि हमसून रडायला लागली. मी तिची शाल सैल केली. शालीचं टोक पिवळं पडून लाकडासारखं कडक झालं होतं. तिचा हात माझ्या हातात आला तो ओला लागला.

मनगटावरचा वण उघडला होता. पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची जखम, काल विळा लागावा तशी.

मग तिनं मला पाय दाखवले. गुडघ्यांखाली जांभळे-काळे डाग, बोट दाबलं की खड्डा पडायचा आणि तसाच राहायचा. हिरड्या फुगून दातांवर चढल्या होत्या.

"डॉक्टरांना दाखवू नकोस," ती म्हणाली. "साथ आहे म्हणतील. नेलला काढून घेतील माझ्यापासून. मावशी, मेरीमातेची शपथ आहे तुला."

मी शपथ घेतली.

*

डॉक्टर तिसऱ्या प्रहरी खाली आले. सायवनं घोंगडी घोट्यांपर्यंत ओढून घेतली, बाही बोटांपर्यंत, आणि जीभ दाखवताना ओठ जेमतेम उघडले. त्यांनी छातीला कान लावला. तिला धाप लागली होती, काळीज एवढं उडत होतं की घोंगडी हलताना मला दिसत होती. छातीत रक्त साकळलंय, त्यांनी सांगितलं. उद्या सकाळी दहाला नस उघडून बारा औंस काढू, मोकळं वाटेल. तिच्या केसांवरून हात फिरवून गेले. माणूस वाईट नव्हता. हे मुद्दाम सांगते, कारण पुढं त्यांनी जे केलं ते वाईट माणसानं केलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

मी डेकवर गेले. शिडं शिवणारा म्हातारा खलाशी टोबायस दोरांच्या वेटोळ्यावर बसला होता. मी त्याला इकडचं तिकडचं विचारलं आणि मग विचारलं, की जुनी, भरलेली जखम आपोआप उघडते का कधी.

त्यानं सुई थांबवली. ओठ वर करून बोळकं दाखवलं. खालचे सगळे दात त्याचे एकाच सफरीत गेले होते, म्हणाला. स्कर्व्ही, लिंबू-भाजी न मिळाल्यानं होणारा रोग. त्या सफरीत एकाचा लहानपणी मोडलेला पाय सांधलेल्या जागी पुन्हा सुटला होता. पण तुमच्याकडे कशी होईल, तुम्ही तर रोज रस पिता.

मी त्याच्या सुईकडे बघत राहिले.

"मिळणं वेगळं आणि पोटात जाणं वेगळं, बाई," तो म्हणाला.

मी विचारलं, अशा माणसाचं रक्त काढलं तर?

"आमच्या डॉक्टरनं तिघांचं काढलं होतं. तिघांनाही मीच कापडात शिवलं." आणि त्यानं सुई पुन्हा शिडात घातली, जशी काही मी हवापाण्याचंच विचारलं होतं.

*

मी कशाला घाबरत होते ते लिहून काढते.

कात्रीला. शिक्षा म्हणून डोकं भादरलेली बाई सिडनीत उतरली की तिला कामाला चांगलं घर मिळत नाही, सगळ्यांना कळतं.

खिडकीची खोली जाण्याला.

खाली, कोठडीत, त्या सगळ्यांमध्ये परत जाण्याला. त्यांनी माझ्या आजीचं नाव घेऊन माझ्यावर विश्वास टाकला होता. माझ्या हातानं त्यांच्या लेकरांचं दूध आटत होतं, हे त्यांना कळण्याला. याला सगळ्यात जास्त.

म्हणून मी आधी चोरी करून पाहिली. डॉक्टर जेवायला बसले तेव्हा कपाटातून रसाची बाटली काढली, कपभर ओतला, साखर टाकली, आणि सायवच्या ओठांना लावला. कुणाला काही सांगायला नको. आज दोन कप, रात्री दोन, सकाळी तिला बरं वाटलं की डॉक्टर नस्तर ठेवून देतील, असा माझा हिशेब.

तिनं तोंड फिरवलं.

मी म्हटलं, पी, याच्यानंच बरं वाटेल. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी तिच्या पोरीच्या तोंडावर उशी धरली होती.

"तूच म्हणालीस ना, आंबटानं आटतं? थेंबभर राहिलंय माझं. तेही घालवू?"

मी म्हटलं, मी चुकले.

"तू कशी चुकशील?" ती म्हणाली. "तुझी आजी चुकली असेल का?"

मी तिचं नाक दाबून पाजायला बघितलं. तिच्यात माशी मारायची ताकद नव्हती, पण ते सगळं तिनं माझ्या अंगावर थुंकलं. बाकीच्या बायका बघत होत्या. कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, अगं ए, तिचं दूध मारतेस का?

*

सकाळी दहा. चिनीमातीचं भांडं, पट्टी, हस्तिदंती मुठीचं नस्तर. डॉक्टर ते स्वतःच्या बाहीला पुसत होते. भांडं धरायचं काम माझं.

त्यांनी उजवा हात मागितला. उजव्या हाताला वण नव्हता. त्यांनी दंडाला पट्टी आवळली आणि नस शोधायला लागले. सायव माझ्याकडे बघत नव्हती, नेलकडे बघत होती. नेल कुणाकडेच बघत नव्हती.

मला वाटलं, आत्ता जहाज हलेल, आत्ता कुणी हाक मारेल, आत्ता काहीतरी होईल आणि मला बोलावं लागणार नाही. जहाज हललं नाही. मी भांडं खाली टाकलं. ते फुटलं, आणि मी तिची घोंगडी ओढून पाय उघडे केले.

यानंतरचं मला सलग आठवत नाही. प्रश्न आठवतात.

किती दिवस झाले हे डाग? – माहीत नाही. दहा-बारा.

ती रस पीत नव्हती? – नाही.

मी समोर उभा होतो. – हो.

कसं? – मी शालीचं टोक त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते नाकाला लावलं.

तिला कुणी सांगितलं?

– मी.

त्यांनी दंडावरची पट्टी सोडली. मग आपली वही आणली आणि पानामागून पान माझ्यासमोर उलटली. रोजच्या तारखेखाली एक ओळ होती. सर्व स्त्रियांनी रस घेतला. सर्व स्त्रियांनी रस घेतला.

"तू मला दोन महिने खोटं लिहायला लावलंस," ते म्हणाले. आवाज चढला नाही. "अजून कुणाला सांगितलंस? नावं सांग."

मी नावं सांगितली. सहा.

*

माझे केस डेकवर कापले, सगळ्यांसमोर, दुपारी, रसाच्या वेळी. कात्री थंड होती आणि कानामागं दोनदा लागली. मग त्याच जागेवर उभं करून डॉक्टरांनी मला आयरिशमध्ये सांगायला लावलं, की आंबटानं दूध आटत नाही. न प्यायल्यानं आटतं. गोबनेट लेहाननं सांगितलं ते चूक होतं. मी मोठ्यानं सांगितलं.

सायवनं ते ऐकलं, तेव्हा कुठं कप घेतला. पण रसानं आई बरी व्हायला दिवस लागतात, आणि नेलकडे दिवस नव्हते. जहाजावर पोटभर दूध एकाच बाईच्या अंगावर होतं.

एस्तर टूल पेटीवर पाय पसरून बसली होती, तिचं गुबगुबीत पोर मांडीवर झोपलेलं. मी नेलला घेऊन तिच्यासमोर गुडघ्यांवर बसले. माझ्या भादरलेल्या डोक्याला वारा झोंबत होता.

"कोण गं ही?" ती शेजारणीला म्हणाली. "डोंगरावरची मेंढी वाटतं. कातरलीय छान."

मी म्हटलं, काय बोलायचंय ते बोल, पण हिला घे.

"बोलणारच आहे. सिडनी येईपर्यंत बोलणार आहे." तोवर तिनं आपलं पोर शेजारणीच्या मांडीवर टाकलं होतं आणि हात पुढं केले होते. नेलचं वजन हाताला लागल्यावर मात्र तिचं तोंड मिटलं.

नेल ओढेना. तिच्यात ओढायचा जोरच नव्हता. एस्तरनं चमच्यात पिळलं आणि एकेक थेंब ओठांवर सोडला, शिव्या देत, मला, डॉक्टरांना, राजाला, कॉर्कच्या सगळ्या डोंगरांना. दिवस मावळेपर्यंत एक चमचा आत गेला. दुसऱ्या दिवशी चार. मी जिन्याच्या पायरीवर बसून मोजत होते, कारण मला खाली पंगतीत कुणी बसू देत नव्हतं. तिसऱ्या दिवशी सकाळी एस्तर ओरडली, "अगं आई गं, चावली मेली," आणि मी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं.

सायवचं मनगट सिडनी दिसायच्या आत पुन्हा मिटलं. समोरचे दोन दात गेले. ती माझ्याशी बोलली नाही, पण एकदा पायरीजवळून जाताना थांबली आणि नेलला माझ्याकडे तोंड करून धरलं, एवढंच. बाकीच्या पाचजणी रोज माझ्या डोळ्यांत बघून कप रिकामा करायच्या.

मान डोलावलेल्यांतली सातवी जोहाना क्रोनिन. तिचा मुलगा त्रेसष्टाव्या दिवशीच गेला होता, आणि वहीत त्याच्या नावापुढं ‘झटके’ असं लिहिलं आहे.