भाड्याच्या विमानाचं दार

इंजिनं बिघडून विमान कंपनीची चार विमानं एकदम जमिनीवर बसली आणि तिकिटं तर आधीच विकून झाली होती. मग दुसऱ्या कुणी वापरून टाकलेलं जुनं विमान भाड्यानं आलं. रंग नवा होता, दार मात्र वेगळं होतं. सगळ्या हवाईसेविकांत थोरली म्हणून जिला ताई म्हणत, तिनं अकरा वर्षं हाताळलेल्या दारांचा दांडा वर उचलायचा असे. इथे तो गोल फिरवायचा होता.

तासाभराच्या सरावात तिचा हात पाचपैकी तीनदा वरच गेला. तरी प्रशिक्षण देणाऱ्या साहेबांनी 'प्रशिक्षण पूर्ण' असा शिक्का हाणला.

"आग लागली तर माझ्या हातून हे दार उघडणार नाही, साहेब."

"ती वेळ येणारच नाही, ताई. उगाच अभद्र बोलू नका."

"मग दार ठेवलंय कशाला? भिंत घालून टाका!"

साहेब हसत निघून गेले.

आता एकशे ऐंशी माणसं पट्टे बांधून बसली होती. समोरच्या रांगेतला म्हातारा ताईकडे बघून निर्धास्त हसला. दाराजवळच्या खुर्चीवर तिनं डोळे मिटले आणि मनात आग, धूर, किंकाळ्या आणल्या. मांडीवरचा हात झटक्यात उठला, तो पुन्हा वरच गेला.

एक सेविका कमी असली तर विमान हलत नाही, हे तिला ठाऊक होतं. नोकरी जाईल, हेही ठाऊक होतं. तिनं वैमानिकाला फोन लावला.

"मला उतरवा," ती म्हणाली. "या दारावर मी बसणार नाही."