उस्ताद फिक्रींच्या गोष्टी सांभाळणारे कपाट

मित्रांनो, मी कपाट आहे, आणि आता जुना झालो आहे. कपड्यालत्त्यांचे कपाट नव्हे हो! माझ्या पोटात डिस्कच्या चकत्या गरगर फिरत, आणि अलेक्झांड्रियातल्या एका रेडिओ केंद्राचे आवाज त्यांच्यावर साठवलेले असत.

जहाजातून बंदरावर उतरलो तेव्हा माझी ऐट काय वर्णावी! केंद्राची यंत्रे सांभाळणाऱ्या इनास मॅडमनी मला स्वतःच्या हातांनी जोडले आणि दृष्ट लागू नये म्हणून दारावर निळा मणी टांगला. माझ्यात पहिल्यांदा ठेवल्या त्या त्यांच्या वडिलांच्या गोष्टी. उस्ताद फिक्री रमजानात रोज सूर्यास्ताआधी रेडिओवर गोष्ट सांगत. ते गेले, पण गोष्ट थांबली नाही. ती मी देत असे. मॅडम माझ्या कोमट दारावर तळहात ठेवून म्हणत, "बाबा, आज कुठली?" प्रश्न मला नसे, हे ठाऊक असूनही मी सुखावत असे.

पुढे कपाटे वाढली. कुठले कुठे ठेवले, याचा गोंधळ उडू लागला. तेव्हा सगळ्यांना एकाच व्यवस्थेखाली आणायचे ठरले, म्हणजे मागणाऱ्याला एकच मोठे कोठार दिसावे. अशा दोन व्यवस्था चाचणीला आल्या. पहिली कुठल्याही जुन्या कपाटाला सामावून घेई. दुसरीला फक्त स्वतःची नवी कपाटे चालत. पहिली निवडली तर मी राहणार होतो. दुसरी निवडली तर माझी रवानगी भंगारात.

"पहिलीच घ्या," मॅडम हट्टाला पेटल्या. "म्हातारं अजून ठणठणीत आहे."

"तुमचं माहेरच ते, मॅडम," त्यांचा सहकारी वगदी हसला. "पण सकाळच्या चाचणीत दोन्ही सारख्याच उतरल्यात."

"अरे राजा, रमजानात सकाळी अख्खा देश पेंगत असतो! सूर्यास्ताआधी बघ. देशभरातली सगळी केंद्रं एकदम गोष्ट मागायला लागली की कळेल कोण किती पाण्यात आहे ते."

त्यांचेच खरे ठरले. एका संध्याकाळी दुसऱ्या व्यवस्थेच्या नव्या कपाटांतून गोष्ट झुळझुळ वाहिली. दुसऱ्या दिवशी पहिल्या व्यवस्थेची, म्हणजे माझी, पाळी आली. मागण्यांवर मागण्या येऊ लागल्या. मी जिवाच्या आकांताने फिरत होतो, आणि भर वाक्यात उस्ताद फिक्री अडखळले. पुन्हा अडखळले. व्यवस्थेचा दोष नव्हता. माझ्याच चकत्या थकल्या होत्या.

अजान झाली, रोजा सोडायची वेळ झाली. कुणी पुढे केलेला खजूरही मॅडमनी घेतला नाही. "दुसरी घ्या," त्या म्हणाल्या. "बाबा आयुष्यात कधी अडखळले नव्हते रे."

गोष्टी नव्या कपाटांत गेल्या. "यात बाबा कुठं आहेत?" मॅडमनी विचारले.

"सगळ्यांत, थोडे थोडे. आता शोधायची गरजच नाही!" वगदीला वाटले, आपण आनंदाची बातमी देतो आहोत.

दारावर ठेवायला उचललेला त्यांचा हात तसाच राहिला. मग त्या माझ्याकडे आल्या. मला बंद केले होते. माझे दार गार पडले होते.

"यातलं पुसायचं राहिलंय, मॅडम. नियमच आहे."

"ईदनंतर पूस," एवढेच त्या म्हणाल्या.

म्हणून उस्ताद फिक्री अजून माझ्यात आहेत, मित्रांनो, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत. फक्त वीज नाही. दिवस कलला की त्यांच्या आवाजासाठी जीव तळमळतो. मॅडमवर माझा राग नाही. त्यांनी योग्य तेच केले. तुम्हीही जुने झालेले यंत्र जरूर बंद करा. पण त्याआधी घटकाभर त्याच्याजवळ बसा आणि त्याचे चालू काम पुरे होऊ द्या. मला बंद केले तेव्हा उस्तादांची चालू गोष्ट मध्येच तोडली, आणि तिचा शेवट मला पाठ आहे.