मिसेस थॉर्नबरचं टेबल

जरा असं समजा, की तुम्ही एका लाकडी जिन्याच्या मधल्या पायरीवर बसला आहात. मांडीवर गरम ताटली आहे. खालून माणसांचा गलबला येतोय, काट्या-सुऱ्यांची किणकिण येतेय, भाजलेल्या मांसाचा आणि जळत्या लाकडाचा वास येतोय. कठड्याच्या दोन दांड्यांमधून डोकावलं, की खालची अख्खी खोली दिसते. तिथे प्रत्येक टेबलाभोवती माणसं आहेत. वर पायरीवर मात्र तुम्ही एकटेच. ताटलीतला बटाटा सुरीने कापायला जावं तर ताटली कलंडते, म्हणून तो तसाच काट्याला टोचून खावा लागतोय.

बसलात नीट? आता या पायरीवर रोज बसणाऱ्या मुलीची गोष्ट ऐका.

तिचं नाव हेटी. वय नऊ. यॉर्कशरच्या डोंगरांत, जिथे झाडं कमी आणि मेंढ्या जास्त, तिथल्या एका लहानशा गावात तिचे बाबा अल्बन थ्वेट 'टिटवी' नावाचा पब चालवायचे. दारावरच्या पाटीवर टिटवीचं चित्र होतं, म्हणून टिटवी. इमारत चारशे वर्षांची. छताच्या तुळया इतक्या खाली, की उंच माणूस पहिल्यांदा आला की कपाळ चोळतच आत यायचा आणि बाकीचे हसायचे. पूर्वी मेंढ्या हाकत दक्षिणेकडे निघालेली माणसं इथे मुक्कामाला थांबत. खिडकीजवळच्या टेबलामागे भिंतीला धरून उंच पाठीचा एक बाक होता. त्या माणसांनी चाकूने कोरलेली अक्षरं त्या बाकावर अजून बोटाला लागायची.

हेटी बाबांबरोबर वरच्या मजल्यावर राहायची. आई दोन हिवाळ्यांपूर्वी गेली. आई होती तेव्हा ती बाहेर गिऱ्हाइकांचं बघायची आणि बाबा आत स्वयंपाकाचं. शेवटचं गिऱ्हाईक उठलं, की तिघं जण खिडकीच्या टेबलावर जेवायची. आता बाबांना दोन्हीकडे बघावं लागे. ते चुलीजवळ उभ्या उभ्या काहीतरी तोंडात टाकत. स्वयंपाकघरात उकळती पातेली आणि धारदार सुऱ्या, म्हणून तिथे हेटीला मनाई. आणि जेवणाच्या खोलीत घरच्यांनी बसायचं नाही, कारण ती खुर्ची गिऱ्हाइकाची. राहिला तो जिना.

"येतो हं मी," ताटली देताना बाबा म्हणायचे. ते खोटं बोलत नसत. त्यांना खरंच यायचं असे. पण तेवढ्यात आतला मदतनीस घंटी वाजवायचा: ताटं मांडलीत, मांस कापायला या.

जिन्यावरून हेटीने एक गोष्ट टिपली होती. जेवणं रंगात आली, की बाबा एप्रनला हात पुसत बाहेर यायचे आणि प्रत्येक टेबलापाशी थांबायचे. "कसं काय मंडळी, सगळं ठीक ना?" असं विचारायचे. लोक म्हणायचे, "सगळं छान." मग दोन गोष्टी व्हायच्या, हसणं व्हायचं. खिडकीच्या टेबलापाशी तर बाबा सर्वांत जास्त रेंगाळायचे. तिथे रिकामी खुर्ची असली तर टेकायचेसुद्धा.

हेटीने यावर बरेच दिवस विचार केला. मग एका गुरुवारी शाळेतून येताना ती चर्चसमोरच्या लाल टेलिफोन-खोक्यात शिरली आणि तिने स्वतःच्याच घरी फोन लावला.

"हॅलो, टिटवी," पलीकडून डोरीन बोलली. डोरीन बाहेर वाढायचं काम करायची. ती शेजारच्या खोऱ्यातली, आवाज खणखणीत.

हेटीने नाक चिमटीत धरलं. "रविवारी एक वाजता मला खिडकीचं टेबल हवंय. दोघांसाठी."

"या रविवारी? अहो बाई, या रविवारी तर उभं राहायलाही जागा नाही आमच्याकडे. थांबा हं... खिडकीचं म्हणालात? नशीब काढलंत. आत्ताच कुणीतरी नको म्हणून कळवलंय. नाव काय लिहू?"

नावाचा विचार हेटीने केलाच नव्हता. खोक्याच्या काचेतून चर्चचं आवार दिसत होतं, आणि भिंतीलगतचा, नाव कोरलेला पहिला उभा दगड.

"थॉर्नबर," ती म्हणाली. "मिसेस थॉर्नबर."

"सर्दी झालीय वाटतं, मिसेस थॉर्नबर. मध घेत जा रात्री."

तो रविवार साधा नव्हता. मार्चमधला मदरिंग संडे होता. त्या दिवशी जो तो आपल्या आईला जेवायला घेऊन जातो. हेटीला ते ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच तिने तो दिवस धरला. त्या दिवशी तिला जिन्यावर बसायचं नव्हतं.

रविवारी बाराच्या ठोक्यालाच खोली भरली. प्रत्येक टेबलावर पेल्यात पिवळी फुलं, आणि प्रत्येक टेबलावर कुणाची ना कुणाची आई. केस नीट बसवलेली, नवा स्कार्फ घातलेली, "कशाला एवढा खर्च" म्हणत खूश होणारी. फक्त खिडकीचं टेबल रिकामं होतं. त्यावर काळी पाटी, आणि पाटीवर खडूने डोरीनने लिहिलेलं नाव.

हेटी वर जिन्यावर होती. तिने निळा फ्रॉक घातला होता आणि केस पाण्याने चापून बसवले होते. ती घड्याळात एक वाजायची वाट बघत होती.

एकला थोडा वेळ असताना दार उघडलं आणि वाऱ्याबरोबर दोघं जण आत आली. एक मध्यमवयीन माणूस, आणि त्याच्या हाताला धरून त्याची म्हातारी आई.

"दोघांना जागा होईल का?" माणसाने विचारलं. "आधी सांगता आलं नाही. आईला कालच इस्पितळातून घरी सोडलं."

"काही सोय नाही हो," डोरीन म्हणाली. तिला वाईट वाटलं हे दिसत होतं. "सगळी आधीच ठरलेली टेबलं. त्या खिडकीच्या टेबलाची मंडळी आली नाहीत तर देईन तुम्हाला. एकच्या पुढे पाव तास राखून ठेवावं लागतं. बसता का इथे दाराशी?"

दाराशी एक अरुंद फळी होती. तिच्यावर बसण्यापेक्षा उभं राहणं बरं, असं म्हातारीने ठरवलं.

जेथ्रो क्लेग आपल्या उंच स्टुलावर पाठ वळवून बसला होता. हा म्हातारा धनगर रोज तिथेच बसायचा. त्याने मान लांब करून पाटी वाचली.

"कोण गं ही मिसेस थॉर्नबर?"

"मला काय माहीत? फोन आला होता."

"या खोऱ्यात एकच मिसेस थॉर्नबर. एलायझा. मी अर्ध्या चड्डीत होतो तेव्हा तिला पुरली. फाटकातून शिरलं की पहिला दगड तिचाच."

"काहीतरीच."

"जाऊन बघ! चारशे वर्षं झाली या पबाला, पण साधं एक भूत नव्हतं नशिबात. आता आलंय, तेही टेबल राखून!"

आजूबाजूची माणसं खो खो हसली. त्या हशाने बाबा आतून बाहेर आले. घामाने कपाळ चमकत होतं. जेथ्रोने पुन्हा सगळं सांगितलं, या वेळी थोडं तिखटमीठ लावून. बाबा हसले नाहीत.

"कुणीतरी चेष्टा केलीय," ते म्हणाले. "आणि तीही आजच्या दिवशी."

"मालक, एकला अजून दोन-तीन मिनिटं आहेत," डोरीन म्हणाली. "वर पाव तास."

"मेलेल्या बाईसाठी पाव तास थांबू? ती आजी बघ, उभी राहून पाय थरथरतायत तिचे. कोण आहे ते एकदा कळू दे मला." आणि त्यांनी पाटी उचलायला हात पुढे केला. तेवढ्यात आतून घंटी वाजली, सलग दोनदा. काहीतरी करपत होतं. बाबा तसेच आत धावले.

जिन्यावर हेटीने सगळं ऐकलं. बाबांच्या आवाजात राग होता. तिच्यावरचाच राग, फक्त त्यांना ते माहीत नव्हतं. गप्प बसून राहिलं असतं तर कुणालाही कधीच कळलं नसतं. टेबल त्या आजीला मिळालं असतं, आणि हेटीला नेहमीची ताटली.

ती उठली. खाली उतरून मागच्या दाराने बाहेर पडली, अंगणातून वळसा घालून, वाऱ्यात डोळे बारीक करत पुढच्या दाराशी आली. पायपुसण्यावर बूट पुसले आणि पाहुण्यासारखी आत शिरली.

"थॉर्नबर," ती डोरीनला म्हणाली. "एक वाजता. दोघांसाठी."

डोरीनने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाली, "सर्दी बरी झाली वाटतं."

"हो."

"आणि दुसरं माणूस?"

"ते आत आहेत. मांस कापतायत."

डोरीन वळली, हेटीला खिडकीच्या टेबलाशी घेऊन गेली आणि बाकावर बसवलं. जेथ्रोने डोक्यावरची टोपी काढली. "वा, मिसेस थॉर्नबर! इतक्या वर्षांनी तब्येत छान दिसतेय तुमची." या वेळी फारसं कुणी हसलं नाही.

थोड्या वेळाने बाबा बाहेर आले. पहिल्यांदा त्यांना वाटलं, हेटी नुसतीच येऊन बसलीय.

"हेटी, ऊठ," ते हलक्या आवाजात म्हणाले. "लोक बघतायत."

"माझं बुकिंग आहे."

बाबांनी पाटीकडे बघितलं. मग डोरीनकडे. डोरीन पेले पुसत होती, पुसलेलेच पुन्हा.

"तू केलास तो फोन?"

"हो."

"हा खेळ आहे का गं? दाराशी ती म्हातारी बाई उभी आहे, दिसत नाही तुला?"

"दिसतेय."

"मग?"

हेटीने काय काय बोलायचं ते जिन्यावर ठरवून ठेवलं होतं. त्यातलं काहीच आठवेना. "तुम्ही सगळ्या टेबलांवर जाता," ती म्हणाली. "जिन्यावर येत नाही."

बाबांनी एप्रनला हात पुसले. मग त्यांनी समोरची खुर्ची ओढली आणि तिच्या कडेवर टेकले. डोरीनने न विचारता दोन ताटं आणून ठेवली. भाजलेलं मांस, बटाटे, आणि मैदा-अंड्याचं, वाटीसारखं फुगलेलं यॉर्कशर पुडिंग, त्यात काठोकाठ ग्रेव्ही. शेजारी पावाची एक-एक रिकामी बशी.

बाबांच्या तोंडून सवयीने नेहमीचंच निघालं.

"कसं काय? सगळं ठीक ना?"

या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं ते हेटीला पाठ होतं. तिने ते शेकडो वेळा ऐकलं होतं.

"नाही," ती म्हणाली. मग तिने विचारलं, "तुमचं?"

बाबांनी खिडकीबाहेर बघितलं. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, एक दगडी कुंपण आणि वाऱ्याकडे पाठ करून उभ्या मेंढ्या.

"नाही गं," ते म्हणाले. "माझंही नाही."

बाबांनी काटा हातात घेतला, आणि आतून घंटी वाजली. ते हलले नाहीत. घंटी पुन्हा वाजली. मग आतून मदतनीस दारात येऊन ओरडला, "मालक, सहा ताटं पडून आहेत, मांस कापायला कुणी नाही!"

बाबांनी काटा खाली ठेवला. "येतो मी," ते म्हणाले. उठताना त्यांचा हात हेटीच्या ओल्या केसांवरून फिरला. "येतो हं." स्वयंपाकघराचं दार त्यांच्यामागे दोनदा हललं आणि थांबलं.

हेटी उठून दाराशी गेली.

"आजी, चला. बाकावर तिघं मावतात."

"अगं, पण अनोळखी लोकांच्या टेबलावर..." तो माणूस अवघडला. तिकडे कुणी असं बसत नाही.

"गप रे," म्हातारी म्हणाली. "पोरगी बोलावतेय ना." ती हेटीच्या खांद्यावर हात ठेवून टेबलापर्यंत आली आणि रिकाम्या खुर्चीची पाठ धरली. "मी इथेच बसते बाळ. बाक कडक असतो, पाठ धरते माझी."

"तिथे नको," हेटी म्हणाली. "तिथे बाबा आहेत."

म्हातारीने खुर्चीकडे बघितलं. समोरच्या ताटाकडे बघितलं. त्याला कुणी हातसुद्धा लावला नव्हता. "बरं," ती म्हणाली आणि वळसा घालून बाकावर जाऊन बसली. मुलगा तिच्याशेजारी बसला, हेटी आपल्या जागी. डोरीन त्यांच्यासाठी ताटं आणायला गेली.

"तू खा की," म्हातारी हेटीला म्हणाली. "गार होतंय."

हेटीने मान हलवली. ग्रेव्हीवर साय धरायला लागली होती. तिने हात लांब करून पावाच्या दोन्ही बश्या घेतल्या. एक बाबांच्या ताटातल्या मांसावर पालथी घातली, दुसरी बटाट्यांवर. वाफ कुठून निसटत नाही ना ते वाकून बघितलं. मग दोन्ही बश्यांवर दोन हात ठेवून ती स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून बसली.