पोटात हजार मणी

मी बरणी बोलतेय. स्वयंपाकघरातली नव्हे, कॉलेजातल्या संख्याशास्त्राच्या वर्गातली. माझ्या पोटात हजार मणी, आठशे पांढरे आणि दोनशे लाल. आणि आधीच सांगून टाकते, मी कॉम्प्युटरवर जळते.

मला तयार केलं सरांनी. एकेक मणी त्यांनीच मोजला आणि सुताराकडून वीस खळग्यांची लाकडी पळी करून घेतली. पळी माझ्यात खुपसून काढली की बरोबर वीस मणी यायचे. त्यांतले लाल मोजायचे आणि भिंतीवरच्या कागदावर त्या आकड्यावर फुली मारायची. कुणाला तीन, कुणाला पाच, चारवर गर्दी जास्त. तास संपेपर्यंत फुल्यांची टेकडी उभी राहायची. मूठभर मण्यांवरून अख्ख्या बरणीचा अंदाज कसा बांधायचा आणि तो किती चुकू शकतो, हे पोरांना त्या टेकडीवरून कळायचं.

एका वर्षी दोन वेण्यांच्या एका मुलीच्या पळीत एकही लाल आला नाही. ती कानकोंडी झाली.

"सर, माझं चुकलं. परत घेऊ?"

"मणी चुकत नाहीत. आलं ते लिही."

तिने शून्यावर फुली मारली. तीच पुढे बाई होऊन या वर्गात आली आणि सर निवृत्त झाल्यावर मी तिच्या हाती आले.

मग चाळीस कॉम्प्युटर आले. बाई त्यांच्यावर अशा काही भाळल्या की विचारू नका! दहा हजार वेळा मणी काढायचं काम तो पापणी लवायच्या आत करतो म्हणे, मण्याला हात न लावता. त्याला रोज संध्याकाळी कापडाची खोळ घालतात. माझं झाकण हरवून तीन वर्षं झाली, कुणी शोधलंसुद्धा नाही. मला कपाटात मोडक्या पट्ट्यांशेजारी ठेवलं. परवा शिपाईकाकांनी भंगारात द्यायच्या सामानाची यादी केली, त्यात माझं नाव तिसरं. बाईंची सही तेवढी बाकी होती.

त्याच दिवशी पहिल्या वर्षाचा तास होता आणि कपाट उघडंच राहिलं होतं. बाईंनी सूचनांचे कागद वाटले. पोरांनी त्याप्रमाणे बटणं दाबली.

"किती लाल आले?"

"चार!" "माझेही चार!" "इथेही चारच!"

चाळीसच्या चाळीस चार. पोरं खूश. "मॅडम, सगळ्यांचं बरोबर आलं!"

बाईंचा चेहरा उतरला. मणी काढायला कुठून सुरुवात करायची, यासाठी कॉम्प्युटरला एक आकडा द्यावा लागतो. घरी करून बघताना वापरलेला आकडा त्यांनी तसाच कागदावर छापला होता. सगळ्यांनी तोच दिला, म्हणून सगळ्यांना तेच वीस मणी मिळाले. मला तर आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

बाई तरातरा आल्या आणि मला टेबलावर ठेवून म्हणाल्या, "कॉम्प्युटर राहू द्या. रांग लावा."

किती दिवसांनी हात लागले! ढकलाढकली, हसणं, खाली सांडलेल्या मण्यांमागे तिघं टेबलाखाली रांगत गेले. दोन मणी सापडलेच नाहीत. शेवटी एक लहान चणीची मुलगी आली, तिला सगळे खारूताई म्हणतात. तिच्या पळीत एकही लाल नव्हता. इकडेतिकडे बघत ती पळी परत बुडवायला निघाली.

"मॅडम, माझंच काहीतरी चुकलंय."

बाईंनी तिची पळी वरच अडवली. "मणी चुकत नाहीत गं. आलं ते लिही."

शून्यावर तिची एकटीची फुली पडली. तास संपायच्या आत बाईंनी यादीतल्या तिसऱ्या नावावर काट मारली. मी वाचले.

इथे थांबले असते तर मीच जिंकले असं तुम्हाला वाटलं असतं. पण मग बाईंनी सुरुवातीचा तो आकडा बदलला आणि कॉम्प्युटरला दहा हजार वेळा मणी काढायला लावले. क्षणात माझ्यासारखीच टेकडी उभी राहिली, पण केवढी मोठी! खारूताई पडद्याशी धावली.

"मॅडम, शून्यावरपण आहेत! शंभराच्या वर फुल्या आहेत! मी एकटी नाहीये!"

तिचा चेहरा फुलला. मला हे इतक्या वर्षांत कधी जमलं नव्हतं. दोन वेण्यांची ती मुलगी आपलं शून्य घेऊन एकटीच घरी गेली होती. बाईसुद्धा त्या पडद्याकडे बघतच राहिल्या.

हे मी लपवू शकले असते. पण मी सरांची बरणी आहे, आलं ते लिहायचं. तर लिहा: मी टेबलावर आहे, पोटात नऊशे अठ्ठ्याण्णव मणी आहेत, झाकण अजून मिळालेलं नाही, आणि मी अजूनही जळते.